एचएसटी चुकतात कुठे: सगळे लहान येणे आणि लहानमोठे येणे

तुम्ही विचारले आहे ते थोडक्यात असे. बाळाच्या दुपट्यासाठी 6 इंची भिरभिऱ्यांचे, म्हणजे पिनव्हीलचे, 30 ब्लॉक करायला घेतले आहेत. त्यासाठी गडद आणि फिक्या कापडाचे 3 इंच 7 सुतांचे चौकोन कापून, एकावर एक ठेवून, कर्णाच्या दोन्ही बाजूंनी पाव इंचावर टीप मारली आणि कर्णावर कापून उघडले. दोन रंगांच्या दोन त्रिकोणांचा असा जोडलेला चौकोन म्हणजेच एचएसटी (हाफ स्क्वेअर ट्रँगल); खाली त्यालाच मी नग म्हणते. पुस्तकाप्रमाणे साडेतीन इंच यायला हवे होते. आजवर झालेल्या 40 नगांपैकी काही 3 इंच 3 सूत, तर काही जेमतेम 3 इंच 2 सूत भरतात, काही चक्क पतंगासारखे तिरके झाले आहेत, आणि चार जोडले की टोके शिवणीत गडप होतात. तेव्हा छाटण्यासाठी खाच असलेली खास मोजपट्टी मागवावी, की पद्धतच बदलावी?

माझे उत्तर असे की अजून काहीही मागवू नका. पद्धतही फारशी बदलावी लागणार नाही. तुम्ही ‘माप चुकते’ असे एकच दुखणे लिहिले आहे, पण तुमच्या आकड्यांत मला दोन वेगळी दुखणी दिसतात. एक म्हणजे सगळेच नग कमी भरतात. साडेतीनच्या वर एकही गेलेला नाही. दुसरे म्हणजे ते एकसारखे कमी भरत नाहीत. पहिल्याचे मूळ बहुतेक वेळा यंत्राच्या टिपेत असते आणि दुसऱ्याचे कापडाच्या तिरक्या ताणात, म्हणजे उरेबीत, व इस्त्रीत. दोन्हींवर एकच उपाय केला की एक बरे होते आणि दुसरे पुढच्या पायरीवर पुन्हा डोके वर काढते. हे मी गेली वीस वर्षे घरच्या वर्गात पाहत आले आहे, आणि त्याआधी स्वतःच्या पहिल्या दुपट्यावर भोगलेही आहे.

मी मापे सुतात लिहिते आहे, कारण शिंपीकामात आणि सुतारकामात ती सवय आपल्याकडे जुनी आहे आणि या कामाला ती फार सोयीची पडते. 8 सुतांचा एक इंच. म्हणजे पाव इंच ही 2 सूत आणि अर्धा इंच ही 4 सूत. अमेरिकेतल्या जवळजवळ सगळ्या नमुन्यांत शिवणीसाठी पाव इंच धरलेला असतो, म्हणून निदान या कामापुरता सेंटिमीटरचा टेप डब्यात ठेवून द्यावा. एकाच नगात दोन्ही मापे मिसळली, तर चूक कुठे झाली ते शोधणे अशक्य होते.

आता त्या 7 सुतांकडे येऊ, कारण सगळी मेख तिथेच आहे. साध्या चौकोनाला दोन्ही बाजूंना पाव-पाव इंच, म्हणून तयार मापात अर्धा इंच मिळवतात. त्रिकोणाला मात्र तिरक्या बाजूलाही शिवण असते, आणि तिरकी शिवण सरळ बाजूवर मोजली की पाव इंचाची दीडपटीला थोडी कमी, नेमकी 1.41 पट, जागा खाते. गणिताने ही बेरीज 0.85 इंच येते. 7 सूत म्हणजे 0.875 इंच. म्हणजे पुस्तकातल्या मापात चुकीला जागा आहे ती फक्त 0.02 इंच, सुताच्या पाचव्या हिश्शाहूनही कमी. माणसाच्या हाताने कापलेल्या, माणसाने शिवलेल्या कापडाला एवढी सवलत पुरत नाही. मापात चूक नाही. मात्र ते हिशेबाचे माप आहे, हाताचे नव्हे.

तोच 1.41 चा आकडा उलट्या बाजूनेही काम करतो. तिरकी टीप कापायच्या रेषेपासून अर्धा सूत जास्त लांब गेली, तर उघडलेला चौकोन पाऊण सुताच्या आसपास लहान येतो. या हिशेबाने तुमचे जे बरे नग 3 इंच 3 सूत आले आहेत, त्यांत शिवण 2 सुतांऐवजी जवळजवळ पावणेतीन सूत खाते आहे. तुम्ही म्हणता की टीप पाव इंचावरच आहे; मी ते खरे मानते. पण उघडताना कापड शिवणीवर दुमडते आणि त्या दुमडीत धागा-दोन धागे जातात. म्हणून अनुभवी बायका टीप पाव इंचावर न मारता त्याच्या एक धागा आत, कापलेल्या काठाच्या बाजूला, मारतात. हा एक धागा किती हे कापडाच्या जाडीवर, दोऱ्यावर आणि सुईवर अवलंबून असते, त्यामुळे ते कोणी दुसऱ्याने सांगून उपयोग नाही. कॅम्ब्रिकला माझे जे बसते ते जाड हातमागाच्या कापडाला बसत नाही.

ते तपासायची रीत सोपी आहे. ज्या कापडाचे दुपटे करायचे त्याच कापडाच्या दीड इंच रुंद आणि साधारण 6 इंच लांब अशा तीन पट्ट्या कापा, लांबीत जोडा, इस्त्री करा आणि मोजा. एकूण रुंदी बरोबर साडेतीन इंच आणि मधली पट्टी बरोबर 1 इंच भरली पाहिजे. मधली पट्टी कमी भरली तर टीप जाड आहे. सुईची जागा किंवा खालची खूण सरकवून पुन्हा तीन पट्ट्या शिवा. एका दुपारी पाच-सहा वेळा हे करावे लागले तरी कंटाळू नये. त्या यंत्रासाठी ते एकदाच करायचे असते, आणि सुई किंवा दोरा बदलला तर पुन्हा एकदा.

इथे एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. पट्ट्यांच्या परीक्षेत पहिली आलेली मुलगी एचएसटीत नापास होते, असे माझ्या वर्गात दर वेळी घडते. पट्टी शिवताना कापडाचा काठ यंत्रावर चिकटवलेल्या टेपला टेकवून चालता येते. एचएसटी शिवताना मात्र काठ तिथे नसतोच. तुम्ही चौकोनाच्या मधून चाललेल्या असता आणि ती टेपची खूण कापडाखाली झाकलेली असते. मग आपण मधल्या कर्णरेषेवर फूटची, म्हणजे कापड दाबून धरणाऱ्या यंत्राच्या पायाची, कड ठेवून अंदाजाने चालतो, आणि फूटची कड सुईपासून पाव इंचावर असेल याची काहीच खात्री नसते. झिगझॅगच्या घरगुती यंत्रांचे नेहमीचे फूट तर पुष्कळदा रुंदच असते. म्हणून मी मुलींना कर्ण आखायला लावतच नाही. कर्णावर मोजपट्टी ठेवून त्याच्या दोन्ही बाजूंना टिपेच्या रेषाच आखायच्या, आणि पट्ट्यांच्या परीक्षेत जे अंतर बरोबर ठरले, म्हणजे 2 सुतांना एक धागा कमी, तेच ठेवायचे. मग सुई रेषेवरून चालवायची. डोळ्याला अंदाज करावा लागत नाही, आणि कुठलेही फूट चालते. नंतर दोन टिपांच्या मधोमध कापले की झाले.

रेषा आखताना कापड पेन्सिलीबरोबर ओढले जाते. त्यासाठी खाली बारीक पॉलिश पेपर ठेवावा, कापड जागचे हलत नाही. शिंप्याचा खडू या कामाला नको. त्याची रेषाच अर्धा सूत जाड असते.

ही झाली पहिल्या दुखण्याची बाजू. पण समजा तुम्ही ती सोडून दिली आणि मोठे चौकोन कापून, शिवून झाल्यावर पट्टीने साडेतीनला छाटून घेतले, तर काय होईल? नग बरोबर होतील, हे खरे. पण तेच यंत्र तीच जाड टीप पुढे नगाला नग जोडतानाही घालणार आहे. मग साडेतीनचे दोन नग जोडून साडेसहा येण्याऐवजी सव्वासहाच्या आसपास येतील आणि टोके पुन्हा गडप होतील. माझ्या पहिल्या दुपट्यात नेमके हेच झाले होते. नग छाटून नाण्यासारखे एकसारखे केले होते, आणि सोळा नगांची रांग जोडून झाली तेव्हा ती ठरलेल्या मापाला इंचभर कमी होती. ओळी एकमेकींना जुळेनात. मी कापडाला दोष दिला, दोऱ्याला दिला, सगळी रांग उसवली आणि पुन्हा तश्शीच शिवली.

आता दुसरे दुखणे, लहानमोठे येण्याचे. कापडाला उभा धागा असतो, आडवा धागा असतो, आणि त्यांच्या मधल्या तिरक्या दिशेला आपण उरेब म्हणतो. ब्लाउजची गळपट्टी उरेबीत कापतात ती ताणून वळवता यावी म्हणूनच. एचएसटीचा कर्ण ही शुद्ध उरेब आहे. आधी त्रिकोण कापून मग शिवायला गेलात, तर यंत्राचे दात खालच्या कापडाला पुढे ओढतात, फूट वरच्याला मागे धरते, आणि शिवण होईपर्यंत कर्ण लांबलेला असतो. म्हणून चौकोन अखंड असतानाच टीप मारायची आणि कर्णावर नंतर कापायचे, हे तुम्ही करता ते अगदी बरोबर आहे. तिथे तुमची चूक नाही.

तुमचे नग तिरके होतात ते बहुधा इस्त्रीखाली. तुम्ही लिहिले आहे की वाफेची इस्त्री ‘चांगली दाबून फिरवते’. फिरवणे हेच नको. मी कशी करते ते सांगते. नग मिटलेला असतानाच टेबलावर ठेवायचा, गडद कापड वर, आणि शिवण आपल्यापासून दूर. मिटलेल्या शिवणीवर इस्त्री नुसती ठेवायची, दोन-तीन श्वास थांबून सरळ वर उचलायची. याने टाके कापडात बसतात. मग वरचे गडद कापड उचलून पलीकडे उलटायचे आणि शिवणीच्या रेषेवरून नखाची मागची बाजू फिरवायची, म्हणजे दुमडीत लपलेला कापडाचा पदर पूर्ण उघडतो. त्यानंतर इस्त्री पुन्हा वरून ठेवायची आणि उचलायची. नगाच्या एका कोपऱ्याकडून दुसऱ्याकडे इस्त्री ढकलली की उरेब तिच्याबरोबर जाते आणि चौकोनाचा पतंग होतो. वाफ असेल तर आणखी लवकर होतो. वाफ वाईट नाही. पण एचएसटी छाटून होईपर्यंत मी ती बंद ठेवते.

याहूनही मोठा फरक पडतो तो खळीने. कापायच्या आधी कापड धुऊन, आटू द्यायचे तेवढे आटू देऊन, त्याला साबुदाण्याची किंवा तांदळाची खळ द्यावी आणि दमट असतानाच उभ्या धाग्याच्या दिशेने इस्त्री करावी. बाजारातला फवारा चालतो, पण मऊ कापडाला तो पुरत नाही. मलमल, जुन्या सुती साडीचे कापड, सैल विणीचे हातमाग यांना कागदासारखा कडकपणा आला पाहिजे. पातळ पॉपलीनला त्याहून कमी चालते. खणाचे कापड घेणार असाल तर कापलेल्या काठाचे धागे सुटतात हे लक्षात घेऊन चौकोन आणखी पाव इंच मोठे घ्यावेत. तुमचे कापड कोणते ते तुम्ही लिहिलेले नाही, म्हणून इथे मला ठाम काही सांगता येत नाही. पण ‘बाळासाठी अगदी मऊ कापड घेतले’ असे एक वाक्य तुमच्या प्रश्नात आहे, आणि मला वाटते अर्धे कोडे त्या वाक्यात आहे. बाळाला मऊ लागते ते दुपटे झाल्यावर. खळ पहिल्या धुण्यात निघून जाते.

आता मापाविषयी. मी स्वतः 7 सूत न मिळवता पूर्ण 1 इंच मिळवते, म्हणजे 3 इंची तयार नगासाठी 4 इंचांचे चौकोन कापते आणि शिवून झाल्यावर साडेतीनला छाटते. कापड वाया जाते असा आक्षेप नेहमी येतो, म्हणून हिशेब देते. 100 नगांना 100 चौकोन लागतात. 3 इंच 7 सुतांच्या आणि 4 इंचांच्या चौकोनांत एकूण फरक पडतो तो साधारण 98 चौरस इंचांचा, म्हणजे 10 इंच बाय 10 इंच एवढ्या एका तुकड्याचा. त्याच्या बदल्यात प्रत्येक नगाला एक सुताहून अधिक सवलत मिळते. मला हा सौदा नेहमीच परवडला आहे.

छाटताना मात्र काळजी हवी. चौकोनी पट्टीवर 45 अंशांची रेषा असते; ती शिवणीवर बरोबर बसवायची, शिवणीच्या सुरुवातीपासून शेवटपर्यंत, फक्त मध्यावर नव्हे. पट्टीवरच्या साडेतीनच्या दोन रेषांपलीकडेही थोडे कापड शिल्लक दिसले पाहिजे. मग उजवी आणि वरची बाजू रोटरी कटरने, म्हणजे गोल फिरत्या पात्याच्या चाकूने, कापायची. नग अर्धा फिरवायचा, आत्ताच कापलेल्या दोन्ही कडा साडेतीनच्या रेषांवर आणि शिवण पुन्हा 45 च्या रेषेवर आणायची, आणि उरलेल्या दोन बाजू कापायच्या. डावखुऱ्या बायकांनी डावीकडून सुरुवात करावी. छाटल्यावर शिवण बरोबर कोपऱ्यातून निघाली आहे की नाही ते बघायचे. माप साडेतीनच भरते पण शिवण कोपरा सोडून धागाभर बाजूला पडते, असा नग जोडणीत हमखास दगा देतो. तुम्ही विचारलेली खाच असलेली पट्टी शिवणीच्या उंचवट्यावर अडकून बसते आणि एवढे एकच काम सोपे करते. शेकडो नग करणारीला ती जरूर घेण्यासारखी आहे. जाड टीप तिने पातळ होत नाही.

रोटरी कटर 1979 मध्ये जपानी कंपनी ओल्फाने आणले. त्याआधी पुठ्ठ्याचे साचे ठेवून, पेन्सिलीने आखून, कात्रीने एकेक त्रिकोण कापत असत, आणि तरीही जुन्या अमेरिकन क्विल्टमधली टोके सुईसारखी दिसतात. आपल्या गोधडीला ही कटकट कधीच नव्हती. तिथे जुन्या साड्यांचे थर धावदोऱ्याने एकत्र धरायचे असतात आणि तुकडा आडवातिडवा असला तर तीच शोभा. गोधडीतून या कामाकडे आलेल्या बायकांना म्हणूनच सुताचा हिशेब सुरुवातीला जाचतो.

पद्धत बदलण्याचे विचारता, तर मला माहीत असलेल्या दोन पर्यायांविषयी सांगते. चौकोनांना चारी बाजूंनी टीप मारून दोन्ही कर्णांवर कापायचे, म्हणजे एका फटक्यात चार नग मिळतात. व्हिडिओत हे फार छान दिसते. पण त्यात नगाच्या बाहेरच्या चारही कडा उरेबीत येतात, म्हणजे जे दुखणे तुम्हाला एका शिवणीत आहे ते सगळीकडे पसरते. कडक खळ दिलेल्या कापडावर, भिंतीवर टांगायच्या कामासाठी मी ते कधीतरी करते. बाळाच्या रोज धुतल्या जाणाऱ्या दुपट्याला नाही. दुसरा पर्याय आठ नगांचा. तुमच्या मापासाठी 8 इंचांचे दोन चौकोन घ्यायचे, दोन्ही कर्णांच्या दोन्ही बाजूंना टिपा मारायच्या, मग उभे, आडवे आणि दोन्ही कर्णांवर कापायचे. यात बाहेरच्या कडा सरळ धाग्यावर राहतात आणि छाटायलाही जागा मिळते. तुमच्या दुपट्यात दोनच कापडे असतील तर 120 नगांना ही पद्धत वेळ वाचवते. अनेक रंगांचे तुकडे असतील तर दोन-दोन नगांचीच बरी. चार मधले तुकडे न हलवता एका सरळ फटक्यात कापता यावेत इतकी धार ब्लेडला हवी, एवढी एक अट.

शिवताना कोपरा यंत्राच्या भोकात ओढला जाऊन दोऱ्याचे गुंतवळ होते, अशीही तुमची तक्रार आहे. सुरुवातीला एक चिंधी शिवायची आणि दोरा न तोडता तिच्या मागोमाग नग सरकवत जायचे. टाका 2 मिलिमीटरच्या आसपास ठेवावा, कारण लांब टाका कर्णावर कापल्यानंतर कोपऱ्यात उसवतो. घरात जुने काळे, फक्त सरळ टीप मारणारे यंत्र पडून असेल तर तेच काढा. त्याच्या पत्र्याचे भोक बारीक असते, त्यामुळे कोपरा आत जात नाही.

चार नग जोडताना शेजारच्या दोघांच्या शिवणी विरुद्ध बाजूंना वळवलेल्या असल्या की त्या एकमेकींत अडकून बसतात, बोटाला कळते. टीप मारताना नजर काठावर न ठेवता, दोन शिवणी जिथे एकमेकींना छेदतात त्या बिंदूवर ठेवायची आणि सुई त्या बिंदूच्या एक धागा काठाकडे न्यायची. भिरभिऱ्याच्या मध्यावर आठ टोके येतात आणि तिथे गाठ झाल्यासारखे वाटते. शेवटच्या शिवणीच्या मार्जिनमधले दोन-तीन उभे टाके दोन्ही बाजूंनी उसवले की चारही शिवणी एकाच दिशेने गोल फिरवून बसवता येतात, आणि मध्य सपाट होतो.

तेव्हा पुढचे 80 नग एकदम कापू नका. आधी पट्ट्यांची परीक्षा, मग खळ दिलेल्या कापडाचे 4 इंची दोन गडद, दोन फिके चौकोन, त्यांचे चार नग, एक भिरभिरे. ते साडेसहा इंच भरले आणि चारही बाजूंना टोकांच्या पुढे पाव इंच कापड राहिले, तर बाकीचे कापा. सव्वासहाच्या जवळ आले तर टीप अजून जाड आहे. माप बरोबर पण तिरके असेल तर इस्त्रीकडे बघा.

झालेले 40 नग उसवू नका. उरेब एकदा ताणली गेली की उसवून ती परत येत नाही. ते दुपट्यातही घालू नका, कारण दोन मापांची भिरभिरी एका रांगेत बसणार नाहीत. त्यांतला सर्वांत लहान आणि सर्वांत तिरका नग शोधा. बहुधा तो 3 इंच 1 सुताला छाटता येईल. सगळेच त्या मापाला छाटा. त्यांतल्या 36 नगांची नऊ भिरभिरी होतात, ती तीन बाय तीन जोडा आणि चारी बाजूंनी दीड इंची पट्टी लावा. तयार माप पावणेअठरा इंच येईल. 18 इंची उशीचा अभ्रा पाव इंच कमीच असावा, म्हणजे उशी आत ताठ बसते.